धोकादायक कुत्र्यांविषयीचे कायदे आणि मोठ्या कुत्र्यांचे पालक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठा कुत्रा पाळणाऱ्यांना कायद्याची आठवण बहुतेक वेळा उशिरा होते. नोटीस दारात येते, घरमालक करारातलं कलम दाखवतो किंवा आपल्याच कुत्र्याच्या ब्रीडचं नाव बातम्यांत झळकतं, तेव्हा धावाधाव सुरू होते. ती वेळ येण्याआधी वाचून ठेवावेत असे हे प्रश्न. आमचं मत आधीच सांगतो: वजनदार कुत्र्याच्या पालकावर जास्त जबाबदारी असायलाच हवी. मात्र ती कुत्र्याचा आकार, त्याचं वागणं आणि मालकाची तयारी बघून ठरावी. ब्रीडच्या नावांची यादी करून ठरवली की भलतेच लोक आणि भलतेच कुत्रे भरडले जातात.

धोकादायक कुत्र्यांचा कायदा म्हणजे नेमकं काय?

जगभरात या कायद्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला ब्रीडवर बोट ठेवतो: अमुक जातीचा कुत्रा पाळायचा, विकायचा किंवा त्याची पैदास करायची नाही, किंवा पाळलाच तर इतक्या अटींवर. दुसरा वागण्याकडे बघतो: कुत्रा कोणत्याही जातीचा असो, तो आवरला गेला नाही आणि कुणाला इजा झाली तर मालक जबाबदार.

बऱ्याच देशांत दोन्ही एकत्र नांदतात. ब्रिटनचा 1991 चा डेंजरस डॉग्ज ॲक्ट हे सर्वांत जास्त चर्चेतलं उदाहरण. त्याच्या पहिल्या कलमात आधी पिट बुल टेरियर, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो या चार प्रकारांवर बंदी होती; 2023 मध्ये त्यांत एक्सएल बुली हा धिप्पाड कुत्र्यांचा पाचवा प्रकार आला. तिसरं कलम सगळ्याच कुत्र्यांना लागू होतं, अगदी चिवावालासुद्धा.

मोठा कुत्रा आहे म्हणजे तो आपोआप या कायद्यात येतो का?

नाही. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, न्यूफाउंडलंड हे राक्षसी आकाराचे कुत्रे ब्रिटनच्या बंदी यादीत नाहीत. आयर्लंडच्या 1998 च्या नियमांत मात्र जर्मन शेफर्ड, डॉबरमन, रॉटवायलर, बुलमॅस्टिफ, ऱ्होडेशियन रिजबॅक, अकिता असे कितीतरी मोठे कुत्रे आहेत. त्यांच्यावर बंदी नाही, पण सार्वजनिक जागी मझल (तोंडाला घालायचं मुसकं), जास्तीत जास्त दोन मीटरचा मजबूत पट्टा आणि तो धरायला 16 वर्षांवरचा सक्षम माणूस हवा.

आकारावरून नियम करणारी ठिकाणंही आहेत. जर्मनीतल्या नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात खांद्यापर्यंतची उंची किमान 40 सेंटिमीटर किंवा वजन किमान 20 किलो असलेला कुत्रा 'मोठा' धरतात. त्याची नोंदणी, मायक्रोचिप, दायित्व विमा (कुत्र्याने इतरांचं नुकसान केलं तर) आणि मालकाला कुत्रा सांभाळण्याचं ज्ञान असल्याचा पुरावा लागतो. यात कुणावर शिक्का बसत नाही आणि मालकाची तयारीही तपासली जाते. आमच्या मते मोठ्या कुत्र्यांसाठी हा सर्वांत समंजस नियम आहे.

माझा कुत्रा मिश्र आहे, कागदावर लॅब्राडॉर मिक्स लिहिलंय. मग मला काळजी नको ना?

हवी. पालकांची सर्वांत जास्त फसगत याच ठिकाणी होते.

ब्रिटनचा कायदा ब्रीडच्या प्रमाणपत्राकडे बघतच नाही. तो 'टाइप' बघतो, म्हणजे कुत्रा दिसतो कसा. पोलिसांचा प्रशिक्षित अधिकारी येतो, टेप काढून खांद्याची उंची मोजतो, डोक्याचा आकार, जबडा, मान, छाती, पायांची ठेवण, शेपटी एकेक तपासतो आणि ठरलेल्या वर्णनातल्या बऱ्याचशा खुणा जुळल्या की कुत्रा 'त्या प्रकारचा' ठरतो. त्याचे आईबाप कोण होते हे गौण. डीएनए चाचणीनेही फरक पडत नाही, कारण प्रश्न रक्ताचा नसून दिसण्याचा आहे. शिवाय कुत्रा त्या प्रकारचा नाही हे सिद्ध करायचं ओझं मालकाच्या डोक्यावर असतं. एक्सएल बुलीच्या बाबतीत उंचीची सुरुवात नरासाठी 51 आणि मादीसाठी 48 सेंटिमीटरवर धरली आहे, म्हणजे एकाच विणीतलं एक पिल्लू कायद्याच्या आत आणि त्याचं भावंड बाहेर असं होऊ शकतं.

स्पेन आणखी पुढे जातो. तिथे आठ जातींची यादी आहेच, त्याखेरीज शरीरयष्टीची वेगळी यादी आहे: बळकट स्नायू, मोठं डोकं, रुंद जबडा, छातीचा घेर 60 ते 80 सेंटिमीटर, उंची 50 ते 70 सेंटिमीटर, वजन 20 किलोंहून जास्त. अशा खुणा जुळल्या तर यादीबाहेरचा मिश्र कुत्राही 'संभाव्य धोकादायक' ठरतो आणि मालकाला परवाना, मानसिक व शारीरिक क्षमतेचा दाखला आणि किमान 1,20,000 युरोंचा विमा लागतो.

तेव्हा दत्तक घेताना मिळालेला जुना कागद, पिल्लूपणापासूनचे फोटो, पशुवैद्याच्या नोंदी, आईबापाचे फोटो मिळाले तर तेही, सगळं जपून ठेवा.

या याद्या ठरवतं तरी कोण?

बहुतेक याद्यांच्या मागे एखादी भीषण घटना आणि तिच्यानंतरची घाई असते. ब्रिटनचा कायदा 1991 मध्ये लागोपाठच्या हल्ल्यांच्या बातम्यांनंतर झटपट मंजूर झाला. हँबर्गमध्ये जून 2000 मध्ये दोन कुत्र्यांनी सहा वर्षांच्या मुलाचा जीव घेतला. जर्मनीच्या राज्यांनी लगेच याद्या काढल्या आणि 2001 मध्ये चार जातींची आयात बंद करणारा संघीय कायदा आला. त्या मुलाच्या घरच्यांवर जे कोसळलं त्याच्यापुढे आपल्या गैरसोयींचं काहीच मोल नाही, आणि हे मान्य न करता या कायद्यांवर बोलायला बसू नये. पण दुःखाच्या भरात केलेली यादी पुढचा मृत्यू टाळेलच असंही नाही.

एक उदाहरण जवळून बघा. डेन्मार्कने 2010 मध्ये बंदीची यादी 13 जातींवर नेली. त्यात कांगल, मध्य आशियाई आणि कॉकेशियन शेफर्ड, दक्षिण रशियन शेफर्ड, टॉर्न्याक, शारप्लानिनाक असे मेंढ्या राखणारे कुत्रे आले. मार्च 2024 मध्ये भारताच्या पशुसंवर्धन खात्याने राज्यांना 23 जातींवरच्या बंदीचं परिपत्रक पाठवलं. त्यात ही नावं ओळीने दिसतात. टॉर्न्याकचं नाव ऐकलेले पालक भारतात किती असतील? त्याच परिपत्रकात टोसा दोन वेगवेगळ्या नावांनी दोनदा आहे आणि 'मॅस्टिफ' व 'टेरियर' असे अख्खे गट एका फटक्यात घेतले आहेत. टेरियर म्हटलं की त्यात मांडीवर बसणारा यॉर्कशायर टेरियरही आला! यादी करणाऱ्यांसमोर इथल्या चाव्यांच्या नोंदी असत्या तर ती अशी दिसली नसती.

मग भारतात या जातींवर बंदी आहे का?

त्या परिपत्रकाच्या जोरावर नाही. कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी एप्रिल 2024 मध्ये ते रद्द केलं. ज्यांच्यावर परिणाम होणार होता त्यांचं म्हणणं न ऐकता निर्णय घेतला, हा मुख्य आक्षेप होता. सरकारला सर्वांचं ऐकून पुन्हा विचार करायची मुभा आहे. काही महापालिकांचे स्वतःचे नियम मात्र असतात. गाझियाबादने 2022 मध्ये पिट बुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनो पाळण्यावर निर्बंध आणले होते. म्हणून आपल्या महापालिकेचा नोंदणी विभाग काय सांगतो ते विचारून घ्या. आणि भारतीय न्याय संहितेचं कलम 291 सगळ्यांनाच लागू आहे: आपल्या ताब्यातल्या प्राण्यामुळे माणसाला धोका होऊ नये एवढी काळजी घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

बंदी घातल्यावर चावे कमी झाले का?

नेदरलँड्सने 1993 मध्ये पिट बुलवर बंदी घातली आणि चावे कमी होत नाहीत असं दिसल्यावर 2008 मध्ये ती मागे घ्यायचं ठरवलं. इटलीने 2003 मध्ये तब्बल 92 जातींची यादी काढली, मग ती 17 वर आणली आणि 2009 मध्ये यादीच मोडीत काढून मालकाच्या जबाबदारीवर भर दिला. ब्रिटनमध्ये 1991 नंतर कुत्रा चावल्यामुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या कमी होण्याऐवजी वाढत गेली. अमेरिकेत डेन्व्हर शहराची 1989 पासूनची पिट बुल बंदी मतदारांनी 2020 मध्ये उठवली आणि तिच्या जागी परवाना पद्धत आली.

बंदीतून एक मात्र हमखास होतं: तगडा कुत्रा मिरवायची हौस असलेले लोक यादीबाहेरचा पुढचा प्रकार शोधतात. ब्रिटनमधला एक्सएल बुली बऱ्याच अंशी असाच पुढे आला.

पण काही ब्रीड खरोखरच जास्त घातक नसतात का?

हा प्रश्न उडवून लावणारे पालक आपल्याच बाजूचं नुकसान करतात.

50 किलोंच्या कुत्र्याचा चावा आणि 5 किलोंच्या कुत्र्याचा चावा सारखा नसतो. पहिल्याने हाड मोडू शकतं, मूल दगावू शकतं. राखणीसाठी पैदास झालेला कुत्रा अनोळखी माणसाला सहज जवळ करत नाही, हेही खरं. पण ब्रीडच्या नावावरून समोरच्या एका कुत्र्याचं वागणं सांगता येईल का? 2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात 18,000 हून अधिक कुत्र्यांच्या पालकांकडून माहिती घेतली होती. एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम 9 टक्के फरक ब्रीडमुळे स्पष्ट होतो, असं त्यात दिसलं.

त्याहून महत्त्वाचा अभ्यास 2013 चा आहे. अमेरिकेत 2000 ते 2009 या काळात कुत्र्यांच्या हल्ल्यांत झालेल्या 256 मृत्यूंची एकेक करून छाननी झाली. 87 टक्के घटनांत मध्ये पडू शकेल असं धडधाकट माणूस जवळ नव्हतं. 84 टक्क्यांत कुत्र्याची नसबंदी झालेली नव्हती. 76 टक्क्यांत कुत्रा घरच्यांत मिसळून न वाढता बांधून किंवा कोंडून ठेवलेला होता. आणि कुत्र्याची जात खात्रीने सांगता आली ती जेमतेम 18 टक्के घटनांत. साखळीला बांधलेला, माणसांची सवय नसलेला कुत्रा आणि त्याच्यासमोर एकटं सोडलेलं लहान मूल, ही जोडी कुठल्याही ब्रीडपेक्षा जास्त भयंकर आहे.

बंदीतून सूट मिळालेल्या कुत्र्याचं आयुष्य कसं असतं?

इंग्लंड आणि वेल्समधल्या एक्सएल बुलीचं बघू. 31 डिसेंबर 2023 पासून विक्री, पैदास, कुणाला देणं, सोडून देणं बंद झालं आणि बाहेर मझल व पट्टा सक्तीचा झाला. 1 फेब्रुवारी 2024 पासून सूट प्रमाणपत्राशिवाय असा कुत्रा बाळगणं गुन्हा आहे. अर्जाचं शुल्क 92.40 पाउंड होतं, शिवाय नसबंदी, मायक्रोचिप आणि दरवर्षी तिसऱ्या पक्षाचा विमा. कुत्रा ठेवायचा नसेल आणि पशुवैद्याकडून शांतपणे संपवायचा असेल तर सरकार 200 पाउंड भरपाई देत होतं. या आकड्यावर कितीतरी घरांत रडारड झाली असेल.

रोजचं जगणं असं: सार्वजनिक बागेत पट्टा सोडता येत नाही. गाडीत बसवलं तरी मझल आणि पट्टा हवाच, कारण रस्त्यावरची गाडी सार्वजनिक जागेतच मोडते. पट्टा 16 वर्षांखालच्या मुलाच्या हातात देता येत नाही. नोकरी गेली, घर बदललं तरी कुत्रा दुसऱ्या कुणाला देता येत नाही. मालकाचा मृत्यू किंवा गंभीर आजार असेल तरच नवा पालक अर्ज करू शकतो. निवारा केंद्रांतल्या कुत्र्यांना तर दत्तक जायचा मार्गच उरला नाही, मग स्वभाव कितीही गुणी असो.

नसबंदीबद्दल एक सावधगिरी: मोठ्या जातींत हाडांची वाढ पुरी होण्याआधी शस्त्रक्रिया केली तर सांध्यांचे विकार वाढू शकतात. इंग्लंडमध्ये पिल्लांना जास्त मुदत दिली गेली ती बरीच झाली. कायद्याची तारीख आणि पशुवैद्याचा सल्ला दोन्ही समोर ठेवून दिवस ठरवा.

मझल घालणं क्रूरपणा आहे का?

चुकीची मझल घातली तर हो. कापडाची घट्ट पट्टी तोंड बंद ठेवते. कुत्रा तोंड उघडून धापा टाकतो तेव्हाच त्याचं अंग गार होतं, आणि उन्हात चालणाऱ्या मोठ्या कुत्र्याचं तोंड आवळून ठेवलं तर त्याला उष्माघात होऊ शकतो. जाळीची बास्केट मझल घ्या. ती घातल्यावर कुत्र्याला तोंड पूर्ण उघडता आलं पाहिजे, पाणी पिता आलं पाहिजे, जाळीतून खाऊ घेता आला पाहिजे. नाकाच्या टोकापुढे थोडी जागा हवी आणि वरची कड डोळ्यांना टोचता कामा नये.

सवय लावायला घाई नको. पहिले काही दिवस मझल हातात धरून आत खाऊ ठेवायचा, कुत्रा आपणहून नाक घालतो आणि काढतो. मग बक्कल न लावता काही सेकंद. मग बक्कल लावून लगेच काढायचं. फिरायला जायच्या आनंदाशी मझल जोडली गेली की कुत्रा ती बघून शेपटी हलवायला लागतो. तुमच्या गावात सक्ती नसली तरी हे शिकवाच. पशुवैद्याकडे दुखऱ्या पायाला हात लावायची वेळ येते तेव्हा त्याचा उपयोग कळतो.

कुत्रा चावलाच नाही, नुसता धावून गेला. तरी गुन्हा होतो?

ब्रिटनमध्ये होऊ शकतो. आपल्याला इजा होईल अशी रास्त भीती समोरच्याला वाटली तरी पुरे. तुमचा मोठा कुत्रा खेळायच्या भरात अनोळखी माणसाकडे झेपावला आणि तुम्ही लांबून 'काही करत नाही तो' म्हणत राहिलात, तर तुमचं म्हणणं ग्राह्य धरलं जाईलच असं नाही. मोठ्या कुत्र्याच्या पालकाने ते वाक्य तोंडातून काढूच नये. आधी कुत्रा जवळ घ्यावा, मग बोलावं.

माझ्या घराच्या आवारात काही घडलं तर?

2014 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये तिसरं कलम खासगी जागेलाही लागू आहे. घरात शिरलेल्या घुसखोरासाठी अपवाद आहे, टपालवाल्यासाठी नाही. इजा झाल्यास पाच वर्षांपर्यंत आणि मृत्यू झाल्यास 14 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बेल वाजली की कुत्रा दुसऱ्या खोलीत आणि मधलं दार बंद, मगच मुख्य दार उघडायचं, ही सवय घरातल्या प्रत्येकाला हवी, पाहुण्यांनासुद्धा.

कुत्रा जप्त केला तर काय करायचं?

कुत्र्याची मालकी सोडून देत असल्याच्या कागदावर वकिलाशी बोलल्याशिवाय सही करू नका. धक्क्यात लोक सही करतात आणि मग काहीच हातात उरत नाही.

ब्रिटनमध्ये जप्त कुत्रा कुठे ठेवला आहे हे सहसा मालकाला सांगत नाहीत, आणि प्रकरण कोर्टात महिनोन्‌महिने चालू शकतं. सुरुवातीला कायद्यात यादीतल्या कुत्र्याला मारण्यावाचून न्यायाधीशाला दुसरा पर्यायच नव्हता. 1997 च्या दुरुस्तीने तो दिला: कुत्र्यापासून लोकांना धोका नाही आणि मालक योग्य माणूस आहे असं कोर्टाला पटलं तर अटी घालून कुत्रा परत मिळू शकतो. म्हणून प्रशिक्षणाचे दाखले, पशुवैद्याचं पत्र, शेजाऱ्यांची लेखी मतं आणि स्वतंत्र वर्तनतज्ज्ञाचा अहवाल यांना फार किंमत आहे. तरीही नशीब नेहमी साथ देत नाही. बेलफास्टमधला लेनक्स नावाचा कुत्रा 2010 मध्ये पिट बुलसारखा दिसतो म्हणून ताब्यात घेतला. त्याने कुणाला चावल्याची तक्रार नव्हती. दोन वर्षं खटला चालला, जगभरातून विनंत्या गेल्या आणि जुलै 2012 मध्ये त्याला मारलं.

भाड्याचं घर आणि विमा यांचं काय?

कायद्यात नसलेली बंदी इथे मागच्या दाराने येते. घरमालक करारात जातींची नावं घालतात, विमा कंपन्या रॉटवायलर किंवा जर्मन शेफर्ड म्हटलं की पॉलिसी नाकारतात. न्यूयॉर्क राज्याने 2021 मध्ये कायदा करून घराच्या विम्यात नुसत्या ब्रीडवरून भेदभाव करायला मनाई केली, पण अशी ठिकाणं थोडी. विम्याच्या अर्जात जात लपवू नका. दावा करायची वेळ आली की नेमकं तेच कारण पुढे करून पैसे नाकारले जातात.

कुत्र्याला घेऊन दुसऱ्या देशात जायचं आहे. काय तपासू?

तिकीट काढण्याआधी तिथली यादी. ऑस्ट्रेलियात पिट बुल, टोसा, डोगो, फिला आणि प्रेसा कनारियो आणताच येत नाहीत. फ्रान्समध्ये 1999 च्या कायद्याने दोन श्रेणी केल्या आहेत, त्यांतल्या पहिल्या श्रेणीतले कुत्रे देशात आणता येत नाहीत आणि दुसऱ्या श्रेणीतल्या रॉटवायलरला परवाना लागतो. वाटेत विमान बदलणार असाल तर मधल्या देशाचे नियमही बघा. विमान कंपनीची स्वतःची यादी वेगळीच असते.

बंदी नको, तर मग काय हवं?

कॅनडातल्या कॅल्गरी शहराने ब्रीड बंदी न घालता 2006 च्या नियमांत नोंदणी, जबर दंड आणि लोकशिक्षण यांवर जोर दिला. जर्मनीच्या लोअर सॅक्सनीत 2013 पासून नव्या मालकाला कुत्र्याच्या ज्ञानाची लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते, मग कुत्रा पग असो की मॅस्टिफ. आम्हाला हाच रस्ता पटतो. त्याला खर्च येतो, तपासणीला माणसं लागतात. यादी छापणं स्वस्त पडतं, म्हणूनच ती पुन्हा पुन्हा छापली जाते.

नवं पिल्लू घेण्याआधी स्वतःला काय विचारावं?

पूर्ण वाढ झाल्यावर हा कुत्रा मांजर बघून सुटला तर घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला तो आवरेल का? उत्तर नाही असेल तर त्या माणसाने एकट्याने त्याला बाहेर न्यायचं नाही हे आजच ठरवा. आपोआप गुंडाळला जाणारा बारीक दोरीचा पट्टा मोठ्या कुत्र्याला कधीही लावू नये. दीड-दोन मीटरचा, न ताणला जाणारा, दोन्ही टोकांना हूक असलेला पट्टा घ्या, एक हूक हार्नेसला आणि दुसरा कॉलरला, म्हणजे एक तुटला तरी दुसरा धरून राहतो. मारून, दरडावून शिकवणारा प्रशिक्षक टाळा, भीतीतून चावा वाढतो. आणि कुत्रा गुरगुरला म्हणून त्याला शिक्षा करू नका. गुरगुरणं दाबलं की पुढच्या वेळी तो इशारा न देता थेट चावतो.

शेजारी आमच्या कुत्र्याला घाबरतात. काहीच केलेलं नाही त्याने. काय करावं?

त्यांची भीती खोटी ठरवायला जाऊ नका. तक्रार अर्जापर्यंत जायच्या आधी तुम्हीच जाऊन बोला. लसीकरण आणि नोंदणीचे कागद दाखवा, फिरवायच्या वेळा सांगा, त्यांच्या मुलांच्या खेळण्याच्या वेळा विचारा. लिफ्टमध्ये आधीच कुणी असेल तर पुढच्या फेरीपर्यंत थांबा. जिन्यात कुणी समोर आलं तर कुत्र्याला भिंतीकडे घेऊन स्वतः मध्ये उभे राहा. झालेलं बोलणं तारखेसह लिहून ठेवा. उद्या तक्रार झालीच, तर तुम्ही काळजी घेत होतात हे दाखवायला ती वही उपयोगी पडते.